शेवटचा सत्कार

"काका, आठ वाजले की पिक्चरच्या फाइलला आपोआप कुलूप पडंल," प्रोजेक्टर चालवणारा सत्यम म्हणाला. "मग कंपनीवाल्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाय. एकदा सुरू झाला, तर मात्र शेवटपर्यंत चालतो."

मोतीरामांनी प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेतून खाली पाहिलं. आठ वाजायला पाच-सात मिनिटं उरली होती आणि व्यासपीठावरच्या शाली काही संपत नव्हत्या. आपल्याकडे माणूस एकवेळ उपाशी राहील, सत्कारावाचून राहणार नाही.

वीज कंपनीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले मोतीराम. औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर भिंतीला चादर लावून त्यांनी वर्षानुवर्षं सिनेमे दाखवले. लोकांनी वेड्यात काढलं. त्या चादरीतूनच आजचा हा पहिला राष्ट्रीय महोत्सव उभा राहिला होता. मूळ संस्थापक म्हणून शेवटचा सत्कार त्यांचा होता. तो बघायला बायको, केसरबाई, नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. मोतीरामांनाही तो हवा होता, अगदी मनापासून.

दारात फर्दापूरच्या सारजाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान फकिरा चहाची टपरी चालवायचे. आजच्या सिनेमात त्यांनी छोटं काम केलं होतं आणि तो पुरा व्हायच्या आत ते वारले.

"भाऊ, आमचे हे कव्हा दिसतील? सकाळी मला माघारी जायचंय."

मोतीरामांनी व्यासपीठावरच्या अध्यक्षांना, बद्रीनाथशेठना, फोन लावला.

"चारच जण राहिलेत, मोतीराम. मग तुमचाच नंबर," शेठ दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुण्यांना मधीच उठवू व्हय? पुढल्या साली कुत्रं तरी येईल का आपल्याकडं?"

मोतीरामांनी फोन ठेवला. उभ्या नोकरीत त्यांनी साहेबाला उलटून उत्तर दिलं नव्हतं.

"सत्यम, दिवे घालव. माईकही बंद कर. पिक्चर लाव."

"काका, तुमचा सत्कार..."

"घालव म्हणलं ना!"

सभागृहात एकदम अंधार पडला. आरडाओरडा झाला, खुर्च्या सरकल्या. पाहुणे मोबाइलच्या उजेडात तरातरा बाहेर निघाले. फोन वाजत राहिला. मोतीरामांनी तो उचलला नाही. खाली केसरबाई मान वळवून वर बघत होती. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांनी काचेपुढची जागा सारजाबाईंना दिली.

पडद्यावर टपरी आली. फकिरानं कपात चहा ओतला आणि मान वर करून समोर पाहिलं.

सारजाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.