एव्हरेस्टवर पाणी प्यायचं म्हणजे

“मॅडम, एव्हरेस्टवर संडासला कुठं जातात?”

राजेश्रीनं शाळेच्या मंडपात उभं राहून विचारलं. मुलांच्या रांगांतून असा हशा उसळला की माईकसुद्धा कुंईकुंई करायला लागला. हेडमास्तर ओरडले, “राजेश्री, बस खाली!”

शेजारी प्रियांका आणि सुकेशनी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. “तुझ्यात दमच न्हाई,” म्हणाल्या होत्या. आता नववीपर्यंतची राजेश्री हजेरीलासुद्धा पुटपुटायची, हे खरं. पण दहावीतल्या राजेश्रीला दम न्हाई म्हणायचं? ती उभीच राहिली.

पाहुण्या धम्मशीला मॅडम तर खळखळून हसल्या. इथल्याच, सेलूजवळच्या खेड्यातल्या त्या, एव्हरेस्ट चढून आलेल्या. “सर, राहू द्या तिला उभी. सगळ्यांना हेच विचारायचं असतं आणि विचारतात मात्र, तुमची प्रेरणा कोण! ऐक बाळा. बेस कॅम्पला तंबू असतो, त्यात ड्रम. भरला की माणसं पाठीवरून खाली नेतात. बेस कॅम्पच्या वर गेलं की मात्र पिशवी. आपलं आपण बांधायचं आणि खाली घेऊन यायचं. नियमच आहे.”

“म्हणजे झेंड्यासंगं पिशवीबी?” मागून कुणीतरी ओरडलं.

“झेंडा विसरला तर चालतो. पिशवी नाही.”

झालं, सगळा मंडप मॅडमच्या मुठीत! मग त्यांनी अशा गोष्टी सांगितल्या की कुणाचा विश्वास बसेना. तिथं थंडीसारखंच ऊनही छळतं म्हणे. बर्फाच्या दरीत दुपारी वारा पडला की घामाच्या धारा. ऊन बर्फावर आपटून खालून वर येतं आणि आ वासून धापा टाकणाऱ्याचा टाळू भाजून काढतं. पाण्याला उकळी लवकर फुटते, पण त्यात डाळ काही शिजत नाही.

“आणि सगळ्यात अवघड काय? पाणी पिणं. हवा इतकी कोरडी की नुसत्या श्वासानं अंगातलं पाणी जातं. म्हणून सारखं प्यावं लागतं. माझ्या तंबूतली जोडीदारीण मात्र पीतच नव्हती. प्यायलं की बाहेर जावं लागणार. तो वारा, ते बूट, तो दोर. तिला वाटलं, नकोच ती कटकट. दोन दिवसांत चक्कर यायला लागली, बोलणं अडखळलं. शेर्पांनी धरून खाली आणलं. पाय माझ्यापेक्षा दणकट होते तिचे. पण शिखर राहिलं.”

सगळे हळहळले. राजेश्री मात्र हळहळायचं सोडून स्वतःचा हिशेब करायला लागली.

कारण शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत तीसुद्धा पाण्याचा थेंब घेत नव्हती. प्रियांका नाही, सुकेशनी नाही, कुणीच पोरगी नाही. मुलींच्या संडासाच्या दाराला कडीच नव्हती. एकीनं बाहेरून दार धरायचं आणि बाजूनं पोरं खिदळत जाणार. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं! जूनपासून तिला दोनदा उन्हाळी लागली होती. लघवीला नुसती आग आग. माय म्हणाली होती, “चिंचा खाऊन खाऊन झालंय हे. तिसऱ्यांदा लागली की तुला गंगाखेडला आत्याकडं शिकायला धाडते, तिथं चिंचा मिळायच्या न्हाईत.” आत्या लय मायाळू. पण गंगाखेडात प्रियांका कुठली अन् सुकेशनी कुठली?

आणि कालपासून पुन्हा आग होत होती. घरी तिनं सांगितलंच नव्हतं.

“मॅडम,” या वेळी पैज कुणाचीच नव्हती, “शाळेत पाणी न्हाई पिलं तरबी तसं होतं का?”

“आजारी पडतंच की माणूस. तुम्ही पोरी दिवसभरात किती पिता?”

सुकेशनीनं पायाशी ठेवलेली बाटली हळूच दप्तरात सारली. पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेली. मॅडमनी ती पाहिली आणि मग हेडमास्तरांकडं पाहिलं. हेडमास्तर चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी माय, म्हणजे भिवराबाई, चुलीवर भाकरी थापत होती. आबा, म्हणजे रामप्रसाद, कोकराच्या लोकरीत अडकलेले गोखरूचे काटे काढत बसले होते. राजेश्रीनं एव्हरेस्टचं सगळं एका दमात सांगितलं.

“पिशवीत बांधून आणायचं?” आबा म्हणाले. “आपली मेंढरं बरी मग. त्यांच्या लेंड्या तर लोक मागून नेतात!”

“शिव शिव! भाकरीपुढं काय बोलायलाव बापलेक!” माय हसू दाबत म्हणाली.

“माय, मला परत उन्हाळी लागलीय.”

मायचा हात थांबला. “चिंचा! म्हणलं न्हवतं मी?”

“चिंचा न्हाई गं. शाळेत मी पाणीच पीत न्हाई. दाराला कडी न्हाई तिथं.”

पिठाच्या हातानंच मायनं लेकीचा गाल धरला. “अगं माझे बाई! इतके दिस बोलली का न्हाईस?”

“लाज वाटायची.”

आबांनी कोकरू खाली सोडलं. “मंग आत्याकडं जाती का? तिथं तरी कडी असंल.”

राजेश्री उठून उभी राहिली, सकाळी मंडपात राहिली होती तशी ताठ.

“गंगाखेडला मी जाणार न्हाई आबा. उद्या सकाळी माय अन् मी दवाखान्यात जाणार. तिथून मी शाळेत. आमी साऱ्या पोरी मिळून हेडमास्तरांच्या हापिसात जाणार अन् कडी मागणार. अन् कडी बसंपर्यंत आमी पाळीपाळीनं दार धरू, पण पाणी पिणार म्हंजे पिणार. कोण खिदळतं ते बघूच. तुमाला विचारीत न्हाई मी, सांगायलेय!”