खाल्ल्या मिठाला जागणारी तार

मित्रांनो, मला पाहून कुणी वळूनही बघणार नाही. काचेची एक दांडी आणि तिच्या टोकाला वाटोळी वळवलेली प्लॅटिनमची बारीक तार, एवढीच मी. मृत समुद्राच्या काठी, साफी गावातल्या मुलींच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात मी राहते.

माझं काम मीठ खाण्याचं. कोणताही क्षार मला चाटवा आणि निळ्या ज्योतीत धरा, तो कोणाचा ते मी सांगते. तांब्याचा असेल तर ज्योत हिरवी, लिथियमचा असेल तर डाळिंबी. मुली "मिस, पुन्हा एकदा" म्हणत आणि मी फुशारून जाई.

पुढे काय झालं कोण जाणे, काहीही चाटवलं तरी ज्योत पिवळीच दिसू लागली. पिवळा हा साध्या मिठातल्या सोडियमचा रंग. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मिस इन्साफ म्हणाल्या, "म्हातारी खोटं बोलायला लागली." पालकांचा दिवस झाला की मला टाकून द्यायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं, कारण मी खोटं बोलतच नव्हते.

दहावीतली रुदैना मात्र माझ्यासाठी अडून बसली. तिचे बाबा अताल्ला पोटॅशच्या कारखान्यात समुद्रातून पोटॅशियमचा क्षार काढत. तुमच्या क्षाराचा रंग दाखवीन, असा शब्द तिनं त्यांना दिला होता.

पालकांच्या दिवशी अताल्ला रुमालात चिमूटभर क्षार बांधून आले. रुदैनानं बोटांनी मला पुसलं, क्षार चाटवला, ज्योतीत धरलं. पिवळी!

"अगं, उभा जन्म घातला यात," अताल्ला म्हणाले, "आणि निघालं काय, तर आमटीतलं मीठ?"

सगळे हसले. रुदैनाचा चेहरा पडला. तिचा हात सवयीनं खिशात गेला आणि दाताखाली काहीतरी कट्‌कन वाजलं.

"तोंडात काय आहे?" मिसनी विचारलं.

"बिया, मिस. कलिंगडाच्या."

"खारवलेल्या?"

रुदैनानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग वर्गातल्या साऱ्याच मुली आपापली बोटं पाहू लागल्या. आमच्या गावात भाजलेल्या खाऱ्या बियांवाचून एक खिसा सापडायचा नाही, आणि मुली मला पुसत त्या त्याच बोटांनी.

"म्हणजे ही खोटं बोलत नव्हती," मिस हसत म्हणाल्या, "तुमची चुगली करत होती."

रुदैनानं हात धुतले. मला आम्लात बुडवलं, तापवलं, पुन्हा बुडवलं, ज्योत निळीच राहीपर्यंत. तरी समुद्राच्या क्षारात थोडं साधं मीठ असतंच, आणि पिवळा रंग मोठा दांडगट, दुसऱ्याला दिसूच देत नाही. म्हणून मिसनी आपला खलील शहरात बनलेला निळ्या काचेचा पेला घेतला, त्यातला चहा घटाघट संपवला, पेला विसळला आणि अताल्लांच्या डोळ्यांपुढे धरला. निळी काच पिवळ्याला अडवते.

रुदैनानं मला पुन्हा बाबांचा क्षार चाटवून ज्योतीत धरलं आणि अताल्ला पेल्यातून वाकून पाहू लागले.

"बाबा, रंग कसा आहे?"

"वांग्याच्या फुलासारखा," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं उपसतोय याला. आज तोंड पाहिलं."

रुदैना रडत रडत हसली. मी अजून त्याच कपाटात आहे, आणि आता मला फक्त दांडीला धरूनच उचलतात. मित्रांनो, मी बापडी खाल्ल्या मिठाला जागते. कुणी भलताच रंग दाखवला, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा आपले हात धुऊन बघा.