स्वयंपाकघर विद्यालयाची रस्सीखेच

त्या घरात सकाळच्या वेळी आईला आई म्हटलेलं चालत नसे. नाश्त्याच्या बशा उचलल्या आणि ओट्यावरचा गजर वाजला, की ती ‘बाई’ होई, आणि दुपारचं जेवण टेबलावर येईपर्यंत बाईच राही. हा नियम तिनेच काढला होता. शाळेतून काढून दोन्ही मुलींना घरी शिकवायला घेतलं, त्या पहिल्या वर्षी गणित ऐन रंगात आलं की कोणीतरी ‘आई, भूक लागली’ म्हणे, आणि आई म्हटल्यावर तिला उठावंच लागे. बाईला तसं बंधन नव्हतं. पुढे ते नाव तिला असं काही चिकटलं, की नवरा, सासरे, इतकंच काय, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही तिला बाईच म्हणू लागला.

शाळा भरायची स्वयंपाकघरात. टेबलाच्या एका टोकाला भूगोल आणि दुसऱ्या टोकाला भाजी चिरणं, मध्ये मिठाची बाटली ही सीमारेषा. बाई एका हाताने पातेलं ढवळायची आणि दुसऱ्या हाताने शुद्धलेखन तपासायची. थोरलीच्या एका निबंधावर लाल शाईऐवजी टोमॅटोच्या रसाने ‘छान’ लिहिलेलं होतं, आणि पुढे त्याला मुंग्या लागल्या होत्या. थोरली अकरा वर्षांची, स्वभावाने शंकेखोर. पृथ्वी गोल आहे हेही तिने लगेच कबूल केलं नव्हतं. धाकटी आठ वर्षांची. तिला सगळंच लगेच पटायचं आणि लगेच विसरायलाही व्हायचं.

व्यायामाचं खूळ शिरलं ते नवऱ्यामुळे. तो फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. एकदा अवजारांची पेटी घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर चढला, तर दार उघडणाऱ्या म्हातारीने आधी त्याला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि मग घरी कोणाला फोन करू, असं विचारलं. ही गोष्ट त्याने हसत हसत जेवताना सांगितली. बाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तळणीची कढई माळ्यावर गेली, लोण्याच्या जागी काकड्या आल्या, आणि शाळेआधी पाढ्यांच्या तालावर उठाबशा सुरू झाल्या. त्यात सासरे, म्हणजे आबाही आले. आबांनी उभा जन्म टायरच्या दुकानात काढला होता. वाकणं हे काम नोकरांचं, अशी त्यांची ठाम समजूत होती. पण सुनेच्या नजरेला नजर देण्याची त्यांची छाती नव्हती.

रविवारी सकाळी न्हाणीघरात वजनं व्हायची. एखाद्याचं वजन उतरलं नाही तर बाई रागवत नसे. ती फक्त पुढचा आठवडाभर सूप आणखी पातळ करायची. दोन-तीन आठवड्यांत ते इतकं पातळ झालं, की बशीवरची फुलं त्यातून स्वच्छ दिसायला लागली. आणि मग एकाएकी सगळ्यांना गुण यायला लागला. दर रविवारी नवरा हलका, आबा हलके, आणि बाई स्वतःही हलकी. तिला आकाश ठेंगणं झालं. यामागे नुसती वजनाची हौस नव्हती. नवऱ्याची धाकटी बहीण, मुलींची आत्या, विम्याच्या कचेरीत होती आणि दर रविवारी जेवायला यायची. ती गोड आवाजात नेमकं एवढंच विचारायची, “वहिनी, मुली हुशार आहेत गं, पण परीक्षा तूच घेणार, पेपर तूच तपासणार. मग त्या खरंच किती शिकल्या, ते कळणार कसं?” हा प्रश्न बाईला आठवडाभर टोचत राहायचा. पण वजनकाट्याची सुई कोणाची नातेवाईक नसते. निदान एक तरी गोष्ट या घरात तिच्या सांगण्यावरून चालली होती आणि ती सरळ चालली होती, याचा पुरावा तिथे दर आठवड्याला मिळत होता.

अशात शहरातल्या शाळांच्या क्रीडामेळ्याची बातमी आली. घरी शिकणाऱ्या मुलांनाही यंदा प्रवेश होता. अट एवढीच, की शाळेला नाव हवं आणि संचलनात फलक हवा. धाकटी फलकावरच भाळली. ‘स्वयंपाकघर विद्यालय’ हे नावही तिनेच दिलं आणि कोणी काही बोलायच्या आत पुठ्ठ्यावर रंगवूनही टाकलं. थोरलीने लांब उडीत नाव दिलं. आणि शिक्षकांच्या रस्सीखेचीत चौघांचा संघ लागतो, हे वाचल्यावर बाईच्या अंगात आलं. मुख्याध्यापक म्हणून आबा, विज्ञानशिक्षक म्हणून नवरा, स्वतः बाई आणि हस्तकलेला आत्या. आत्याने हातात सुई धरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, पण तीही तयार झाली. तिला ही शाळा एकदा चारचौघांत उभी राहिलेली बघायची होती.

जड शाळांनी हलक्या शाळांना फरपटत नेऊ नये म्हणून चौघांच्या एकूण वजनाला मर्यादा होती. बाईने ती बेरीज मुलींना गणित म्हणून घातली. दोघींचंही उत्तर आलं : मर्यादेच्या आत, वर भरपूर जागा शिल्लक. नवरा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता. रस्सीखेच जरा रानटी खेळ आहे, असं तो म्हणाला. आबा म्हणाले, त्यांनाही तसंच वाटतं. बाईने दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

मेळ्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला एका तंबूत भला मोठा काटा मांडला होता, आणि त्यामागे शिट्टी गळ्यात अडकवलेले एक क्रीडाशिक्षक बसले होते. पहिली आत्या चढली. तिचं वजन तिने सांगितलं होतं तेवढंच भरलं, कारण ती आपल्या घरच्या काट्यावर वजन करायची. मग आबा. न्हाणीघरात वजन करताना ते एक हात बेसिनवर ठेवत, असं नंतर बाहेर आलं. इथे काट्यावर चढल्याबरोबर त्यांचा उजवा हात हवेत बेसिन शोधायला लागला. सुई घरच्यापेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. मग नवरा चढला. क्रीडाशिक्षकांनी सुई पाहिली, कागदावरचा आकडा पाहिला, आणि तुम्ही खिशात काही ठेवलंय का, असं अदबीने विचारलं. त्याने खिशातून एक पाना आणि क्रीमच्या बिस्किटांचा अर्धा पुडा काढून ठेवला. सुई जागची हलली नाही.

बाईला वाटलं, काटाच बिघडलाय. तसं ती म्हणालीही, आणि ते सिद्ध करायला म्हणून स्वतः चढली. आठवड्यामागून आठवडे जे वजन तिने काकड्या खाऊन उतरवलं होतं, ते सगळंच्या सगळं तिथे तिची वाट बघत होतं.

“तुमचा काटा चुकतोय,” ती क्रीडाशिक्षकांना म्हणाली. तिचा आवाज बाईचा होता, पण आधी होता तितका खणखणीत नव्हता.

“त्यांचा नाही चुकत,” थोरली मागून म्हणाली. “आपला चुकतो.”

नवऱ्याने आबांकडे पाहिलं, आबांनी तंबूच्या खांबाकडे. मग थोरलीने जे सांगितलं ते असं : दोन महिन्यांपूर्वी तिने गंमत म्हणून पिठाची नवी, बंद पिशवी न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली. पिशवीवर दहा किलो छापलेलं, आणि सुई नवावर. तिला वाटलं, दुकानदार लबाड आहे. म्हणून तिने साखर ठेवली, तांदूळ ठेवले, शेजारून दुसऱ्या दुकानातलं पीठ मागून आणून ठेवलं. प्रत्येक पिशवी त्याच हिशेबाने हलकी. इतके सगळे दुकानदार ठरवून एकसारखे लबाड असणं तिला पटेना. तेव्हा तिने काटा उलटा करून बघितला, तर तळाच्या स्क्रूवर नवा ओरखडा होता.

सगळ्यांची नजर स्क्रूंशी ज्याचा रोजचा संबंध, त्याच्याकडे वळली.

“अगं, एकदाच स्प्रिंग आवळली होती,” नवरा म्हणाला. “सूप फारच पातळ झालं होतं गं.” बिस्किटं परत खिशात घालत तो म्हणाला, “मग पुढच्या आठवड्यात परत जरा. आणि त्याच्या पुढच्याही.”

बाई तंबूतून बाहेर आली आणि बाकावर जाऊन बसली. मैदानात लहान मुलांची पोत्यांची शर्यत चालली होती. धाकटी फलक खांद्यावर घेऊन ती बघत होती. बाईला राग आला होता, पण रागाच्या खाली भलतीच भीती होती. काटा तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत होता. मग मुलींचे पेपर? तेही तिने काढलेले आणि तिनेच तपासलेले. प्रेमापोटी आपलीही स्प्रिंग कुठे आवळली गेली असेल तर? आत्याचा प्रश्न तिला पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात ऐकू आला.

थोरली येऊन शेजारी बसली. बाईने तिला विचारलं, एवढं सगळं माहीत होतं तर बोलली का नाहीस?

“रविवारी तू खूश असायचीस,” थोरली म्हणाली. “आणि बाबा चोरून मला बिस्किटं द्यायचे.” मग ती जरा विचार करून म्हणाली, “जास्त करून बिस्किटांमुळेच.”

बाईने तिच्याकडे पाहिलं. या मुलीला मोजमापाचा धडा तिने शिकवला होता, पण मोजणारी वस्तूच आधी तपासून बघायची, हे काही त्या धड्यात नव्हतं. एका पिशवीवर विश्वास न ठेवता दुसरी आणायची, दुसऱ्या दुकानातली आणायची, हेही तिने कधी सांगितलं नव्हतं. ते पोरीने स्वतःच्या डोक्याने केलं होतं. मागे येऊन उभी राहिलेली आत्या हे सगळं ऐकत होती. तिने पर्समधून रुमाल काढून बाईच्या हातात दिला. आणि आत्या काही बोलली नाही, ही त्या घराच्या इतिहासात नोंद करण्याजोगी गोष्ट होती.

तेवढ्यात क्रीडाशिक्षक सांगायला आले, की चौघांची बेरीज मर्यादेबाहेर जाते, पण दहा वर्षांवरचा विद्यार्थी एका शिक्षकाच्या जागी खेळू शकतो. थोरलीने जागच्या जागी तोंडी हिशेब केला. आत्याला काढून भागणार नाही, ती मुळातच हलकी. बाकीच्या तिघांपैकी कोणीही एक बाहेर गेला की संघ मर्यादेत बसतो. आता गंमत अशी, की सकाळपर्यंत ज्यांना हा खेळ रानटी वाटत होता, त्यांच्यापैकी एकही जागचा हलेना. नवरा म्हणाला, मागे दोर अंगाला गुंडाळून उभं राहायला जड माणूस लागतो, आणि ते वजन त्याने काही फुकट कमावलेलं नाही. आबा म्हणाले, मुख्याध्यापकाशिवाय शाळा मैदानात उतरली असं आजवर कुठे झालंय? शेवटी बाईच बाजूला झाली आणि तिच्या जागी थोरली उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शाळेला तिच्याशिवाय परीक्षेला बसायचं होतं.

पहिली लढत एका मोठ्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या शाळेशी होती. शिट्टी वाजली तेव्हा त्या शाळेचे चारही शिक्षक छायाचित्रकाराकडे बघून हसत होते. आत्याने विम्याच्या कचेरीत साठलेला सगळा राग दोरावर काढला, आबा टायर ओढल्यासारखे कण्हत मागे रेलले, नवरा नुसता मागे बसला. तेवढं पुरेसं झालं. हसणारे चौघे हसतहसतच रेषेच्या अलीकडे आले. बाई दोराच्या कडेने धावत होती आणि घसा फोडून सतराचा पाढा म्हणत होती. दुसरं काही ओरडायचं तिला सुचलंच नाही. दुसऱ्या लढतीत समोर चार क्रीडाशिक्षक आले. त्या वेळी पाढा ‘सतरा एके’च्या पुढे जाऊ शकला नाही. आबा तर दोर सोडायचं विसरले आणि पलीकडच्या संघात जाऊन थांबले.

परतताना नवऱ्याच्या दुरुस्तीच्या गाडीत, मागे कोणाच्या तरी फ्रिजला टेकून, सगळ्यांनी कबुलीजबाब दिले. आबांनी गादीखालचे खारे दाणे कबूल केले. बाईनेही शेवटी सांगून टाकलं, की मुलींच्या ताटांत उरलेलं सगळं धुण्याआधी तिच्या पोटात जायचं, आणि त्याला ती आवराआवर समजत होती. त्यावर नवरा इतका हसला, की गाडी कडेला घ्यावी लागली. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, त्या म्हातारीच्या तिसऱ्या मजल्यावर तो गेल्या आठवड्यात परत गेला होता. या वेळी तिने खुर्ची दिली नाही. काटा काहीही म्हणो, उठाबशा त्याने खऱ्याच काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा गजर वाजला, पण बाईच्या घशातून आवाजच फुटेना. आदल्या दिवशीच्या पाढ्याने तो पार बसला होता. तिने खुणेने शाळेला सुट्टी आहे असं सांगून पाहिलं. मुलींना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. थोरलीने खडू हातात घेतला आणि धाकटीला भागाकार शिकवायला बसली. धाकटी तिला लगेच बाई म्हणू लागली. मधूनच धाकटीने विचारलं, की बाई, उत्तर बरोबर आहे हे तुला कसं गं कळतं? तेव्हा थोरली म्हणाली, कळत नाही, म्हणून उलटा गुणाकार करून बघायचा. खरी बाई पाठमोरी उभी राहून सूप ढवळत होती. तिने काकड्या बाजूला सारल्या, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून पातेल्यात लोण्याचा बऱ्यापैकी मोठा गोळा सोडला.