थिजलेली फटफटी

मी एक जुनी विलायती फटफटी आहे, मित्रांनो. खुशाल जवळ या आणि गंजाचा ठिपका शोधा. सापडायचा नाही! माझ्या टाकीत अजून तोंड पाहून भांग पाडता येतो. माझं दुःख गंजाचं नाहीच मुळी.

मोठ्या लढाईच्या दिवसांत माझा जन्म झाला. आगबोटीनं मी इकडे आले आणि लढाई संपल्यावर आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदारानं मला लिलावात घेतलं. मेल्यानं सागाच्या जंगलात मला नुसतं पिदडलं. पुढं त्याच्याकडे जीप आली आणि मी धानोऱ्याकडच्या एका खेड्यात, गुणवंतरावांच्या अंगणात आले. गुणवंतराव गावोगाव फिरून देवीची लस टोचायचे. काय ते दिवस होते! माझा आवाज ऐकला की पोरं भीतीनं मोहाच्या झाडावर चढून बसायची. पण घरात कुणी अंथरूण धरलं की त्याच पोरांचे बाप मला न्यायला धावत यायचे. नाले, रेती, मुरूम, सगळं तुडवत मी दुखणेकरी दवाखान्यात पोचवले. वाटेत कुणाला टाकलं नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी गुणवंतराव गेले. मागे राहिली त्यांची बायको इंदुताई, मास्तरकी करणारा मुलगा हरिदास आणि सून रुखमा. हरिदास मला शाळेत न्यायचा. बापाच्या गाडीवर बसला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

मग एका उन्हाळ्यात नागपूरचा एक शौकीन माणूस आला. माझ्याभोवती फिरून फिरून थकला. "मास्तर, अशी गाडी आता पाहायला मिळत नाही. चालवाल तर झिजून जाईल. जपून ठेवा," एवढं सांगून तो निघून गेला. हरिदासच्या डोक्यात मात्र तेच घर करून बसलं.

"बाबाची निशाणी आहे, माय. आता नाई चालवत मी हिले."

"उभी ठेवली म्हंजे बाप परत येते का रे?" इंदुताई म्हणाल्या. "तो होता तवा हे गाडी अख्ख्या गावाची होती. चालू दे तिले."

पण ऐकतो कोण! आमच्याकडे विळा, कुऱ्हाड जपायची तर मोहाच्या बियांचं तेल चोपडतात. हरिदासनं मलाही तेच चोपडलं. वरून ठीक होतं हो. पण आतून गंजू नये म्हणून त्यानं ते टाकीत ओतलं, नळीत ओतलं, इंजिनातही ओतलं.

"अरे, तिच्या पोटात काऊन ओतून राह्यला?" इंदुताई ओरडल्या.

"आतूनही जपाव लागते, माय."

मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. हे का हरिदासला माहीत नव्हतं? दर हिवाळ्यात डोक्याला लावायच्या याच तेलाची बाटली तो स्वतःच उन्हात ठेवायचा! पण मला गोणपाटाखाली झाकलं आणि तो ते विसरून गेला.

पौषातल्या एका सकाळी इंदुताईंची छाती भरून आली. श्वास घेता येईना. हरिदासनं माझ्यावरचं गोणपाट फेकलं आणि किकवर पाय दिला. किक हलली नाही. त्यानं सगळा जीव एकवटून लाथ मारली. माझ्या पोटात सगळं गोठलेलं. मी काय करू? मला ओरडायलाही येईना.

शेजारचा कोलू धावत आला. "मास्तर, घमेल्यात निखारे आणतो. खालून शेकू."

"नको! रंग जाईन तिचा!"

हे हरिदासच्या तोंडून निघालं, मित्रांनो. मी ऐकलं, रुखमानं ऐकलं, ओट्यावर धापा टाकत बसलेल्या इंदुताईंनीही ऐकलं. दुसऱ्याच क्षणी हरिदास स्वतः चुलीकडे धावला आणि हातानं निखारे उचलून माझ्याखाली सारू लागला. तेल थेंब थेंब गळू लागलं. किक जराशी हलली, पण मी काही सुरू झाले नाही. शेवटी कोलूनं बंडी जुंपली. बैलांना दामटत ते धानोऱ्याच्या दवाखान्याकडे निघाले. मी अंगणात उभी राहून चाकांचा आवाज ऐकत राहिले.

दुपार व्हायच्या आत बंडी परत आली. धानोरा लागण्याआधीच इंदुताई गेल्या होत्या.

उन्हाळ्यात नागपूरचा तो माणूस पुन्हा आला. माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "व्वा मास्तर! एक ओरखडा नाही. याला म्हणतात जपणं!" हरिदास घरात निघून गेला. रुखमानं पाहुण्याला पाणी दिलं आणि मला झाकून टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याला कामाला लावा. झिजू द्या, खरचटू द्या. माझ्यासाठी मात्र आता कुणी काही करू नका. हरिदास अजूनही दर रविवारी येतो. टाकी पुसतो, चाकं पुसतो, दिवा पुसतो. फक्त किकला हात लावत नाही.