आतून कुणी वापरत नाही

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या वरच्या मजल्यावर एक साहेब आला, त्याला आम्ही झाडू म्हणायचो. तोंडावर नाही हो, पाठीमागे. दिसेल ते काढून टाकायची त्याला भारी हौस. आधी जिन्यातलं बाकडं काढलं, कारण तो आला तेव्हा त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. मग कॉम्प्युटरमधला कोड झाडायला घेतला. आमची दारं, पंखे, घंटा सगळं त्या कोडवर चालतं. लिहिणारा म्हातारा कधीच रिटायर होऊन गेला. आता तो कोड सांभाळते माझ्या बहिणीची पोरगी.

मला शाळेचं वारं फारसं लागलं नाही. पण भाचीनं जेवताना ताटाशेजारी वाट्या मांडून समजावलंय, म्हणून सांगतो. कोडमध्ये एकेका कामाला एकेक नाव असतं. झाडूनं एक टूल आणलं. त्यात नाव टाकलं की ते सगळा कोड न चालवता नुसता वाचतं आणि ते नाव कुठं कुठं वापरलंय ते दाखवतं. टूलमध्ये खोट नाही, भाचीसुद्धा रोज वापरते. पण ती त्याला प्रश्न विचारते, हा त्याच्या पाया पडायचा. नाव टाकायचा, टूल म्हणायचं शून्य, की गेलं ते काम कचऱ्यात. वर कॉफीचा घोट घ्यायचा, जसं काही विहीर खणून दमलाय.

असं करत करत 'उघडआतून' हे नाव आलं. आमच्या गोठवणखोलीत आतल्या बाजूला एक लाल बटण आहे. चुकून दार लागलं तर ते दाबायचं आणि बाहेर यायचं. आतली कडी बर्फानं कधीच धरलेली, त्यामुळे बटण हाच काय तो आधार. आणि त्या खोलीत दिवसभर कोण, तर मी.

टूल म्हणालं शून्य. भाची उठून झाडूच्या टेबलापाशी गेली. "साहेब, हे नाव अख्खं कुठंच लिहिलेलं नाही. बटण दाबलं की नुसतं 'आतून' एवढंच येतं. कोड त्याच्याआधी 'उघड' चिकटवतो आणि त्या नावाला हाक मारतो. चालताना जोडलेलं नाव टूलला दिसत नाही. अर्धं नाव शोधून बघा, सापडेल."

झाडू म्हणाला, मग 'उघडबाहेरून' कसं सापडलं? ती म्हणाली, ते वॉचमनच्या चौकीतल्या स्क्रीनसाठी एका जागी पूर्ण लिहिलंय म्हणून. त्यावर झाडू आजूबाजूच्यांकडं बघून हसला. म्हणजे आतल्याला भूत हाक मारतं म्हणायचं. भाची म्हणाली, त्या खोलीत माझा मामा असतो.

"मग मामांना स्वेटर विणून द्या, मॅडम," झाडू म्हणाला, आणि ते काम उडवलं. नवा कोड दारांवर चढवला सुद्धा.

भाची तशीच खाली आली. मी मटारची पोती काढायला निघालो होतो, तिनं बाही धरली. म्हणाली, मामा, आत पाय टाकायचा नाही. पोती राहिली, गाडीवाला बोंबलायला लागला, आणि मग झाडूसाहेब स्वतः खाली अवतरले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, अंगाला सेंट. भाचीनं वाद घातला नाही. म्हणाली, तुम्हीच आतून बटण दाबून दाखवा, मामा लगेच कामाला लागेल.

गेला की ऐटीत. दार लागलं.

काही झालं नाही. मी बाहेरच्या कडीला हात घातला, तर भाचीनं माझ्या हातावर हात ठेवला. दार एवढं जाड की आतून ठोकलं तर उशी बडवल्यासारखं ऐकू येतं. तसं ऐकू यायला लागलं.

"मामा, आत कुणी आहे का रे?"

"टूलला विचार," मी म्हणालो.

पण पोर मायेची. तिनंच कडी ओढली. झाडू बाहेर आला तो नाक बिटासारखं लाल, भुवया पांढऱ्या. चूक झाली म्हणेल? छे. दात वाजवत म्हणतो कसा, बटण बिघडलंय, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भाची वर गेली. काढलेलं काम परत जागेवर बसवलं आणि खाली येऊन म्हणाली, बटण तेच आहे, साहेब, जा परत. साहेबांना एकदम फोन आला. घंटा काही आम्हाला ऐकू आली नाही, पण कानाला लावला होता खरा.

मग मी गेलो. भाची बाहेर, मी आत, दार लागलं. बटण दाबलं आणि दार आपसूक सरकलं. समोर पोरगी उभी, ओठ दाताखाली धरून.

झाडू अजून वर आहे, अजून झाडतो. टूलवर त्याचा पूर्ण विश्वास आहे म्हणे. फक्त गोठवणखोलीपाशी यायची वेळ आली की एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बोलतो.