बादलीभर श्वास

दिव्यांचं तबक दोरीला बांधून आटलेल्या बावडीत सोडलं, की काठावरची शेकडो माणसं आईचा गजर करत पुढे झुकायची. तबक संथपणे खाली जाई. दिवे नीट तेवत असत. तळापासून कमरेएवढ्या उंचीवर ते आलं, की ज्योती एकेक करून मिटायच्या. ना वारा, ना फुंकर. कुणी चिमटीत धरून विझवाव्यात तशा.

मग कोंबडा. टोपलीत घालून त्याला तळाशी ठेवलं, की तो दोनदा पंख झाडायचा आणि मान टाकायचा. वर ओढून उन्हात ठेवला, की थोड्या वेळानं उठून झोकांड्या खात चालू लागायचा. हैदराबादच्या कुकटपल्लीत, बावडीच्या फाटकापासून मेन रोडपर्यंत ‘आईनं घेतला, आईनं दिला’ असा गजर उठे.

“आई पाताळात निजलीय, भक्तहो,” युवराज महाराज माइकवर सांगत. “आई श्वास सोडते, दिवा लाजतो. साइन्सवाल्यांनी यावं, सांगावं. आहे कुणाची हिंमत?”

महाराजांची आई मोठी सोयीची होती. श्वास सोडायची तो फक्त गुरुवारी. बाकीचे दिवस तिची विश्रांती आणि फाटकाला कुलूप. बावडीच्या भिंतीवरून एक जाड, शेंदूर फासलेली रेघ तळापर्यंत उतरली होती. ती आईची शीर. गुरुवारी तिला घाम फुटे. खरोखरचे थेंब. बायका पदर ओला करून घरी नेत.

गर्दीत निशिगंधा उभी होती, ती खालच्या मजल्यावरच्या उषाच्या आग्रहाखातर. निशिगंधा पुण्याची, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली खोल खडकात कोंडायचा, असा विचार जगभर चालू आहे. कोंडलेला गॅस कुठल्या वाटेनं वर निसटेल, हे कंप्यूटरवर खडकाचं मॉडेल मांडून आधीच हुडकायचं, हे तिचं काम. ‘पृथ्वीची प्लंबर आहे मी,’ असं ती सोसायटीतल्या बायकांना सांगे, आणि त्या हसत.

दिवे मिटताना पाहून ती मात्र हसली नाही. तिला मनातून आनंदच झाला. इतकी वर्षं जे पडद्यावर रंगीत ठिपक्यांत पाहिलं, ते इथं घरापासून रिक्षाच्या अंतरावर चाललं होतं.

“देवी नाही गं,” तिनं उषाला सांगितलं. “कार्बन डायऑक्साइड आहे. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठतो. खडकाला भेग असणार, तिच्यातून वर येतोय.”

उषाचे सासरे नामदेवराव मागेच उभे होते. बिदरकडची शेती सोडून नामपल्लीच्या एका दुकानात त्यांची हयात गेली होती, आणि शिकलेल्या माणसाचा शब्द त्यांना फार मोठा. त्यांनी तो तसाच्या तसा महाराजांच्या कानी घातला.

पुढच्या गुरुवारी माइक गरजला, “मोठ्या शास्त्रज्ञ बाई, पुण्याच्या, त्यांचा कंप्यूटर काय बोलला माहीत आहे? जमिनीच्या पोटातून श्वास येतो. हे मी नाही, साइन्स बोलतंय!”

निशिगंधाला हे कळलं ते लिफ्टमध्ये. अनोळखी बाईनं वाकून तिच्या पायाला हात लावला. “महाराज माइकवर तुमचंच सांगत होते,” ती म्हणाली.

त्याच दिवशी उषाची मुलगी ईशा नवा फ्रॉक दाखवायला आली. ईशा सहा वर्षांची, तिला फिट्स येत. नारायणगुड्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या बऱ्याच आटोक्यात होत्या. फ्रॉक कशासाठी, तर गुरुवारी ईशाला बावडीत बसवायचं होतं. मूर्च्छा आली की व्याधी आईच्या पदरात पडली. मग वर काढायचं. गोळ्या महाराजांनी बंद करायला सांगितल्या होत्या.

निशिगंधा तशीच खाली गेली. उषा भाजी चिरत होती.

“उषा, तो गॅस आहे. कोंबड्याला झालं तेच ईशाला होईल. आणि ती कोंबड्यासारखी उठेलच असं नाही.”

“महाराज स्वतः उतरतात की ताई. तळाला उभे राहून आरती करतात. त्यांना काय झालं?”

“ते उभे राहतात. नाक वर असतं त्यांचं. ही बसणार.”

उषाची सुरी थांबली नाही. “तुम्हीच बोलल्या होत्या ना, जमिनीतून येतं म्हणून? जमिनीतून येतं ते देवाचंच. नक्को आता, ताई. लेकरू किती परेशान होतं ते रात्री मी बघते.”

 महाराजांच्या दुकानावर पाटी लावायला खिळा लागत होता, तो तिनंच पुरवला होता.

ईशा दाराशी गिरक्या घेत होती. तिला रंगीत तालीम म्हणून मागच्या गुरुवारी आजोबांनी खालच्या पायरीपर्यंत नेऊन आणलं होतं. भीती वाटली का, असं निशिगंधानं हळूच विचारलं.

“नाही. पाय गारठले. फ्रिज उघडल्यावर पायावर येतं ना मावशी, तसं.”

निशिगंधा वर गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. त्या बावडीचं एक मॉडेल तिनं हौसेनं मांडायला घेतलं होतं. एक भेग काढून पाहिली, दुसरी काढून पाहिली. प्रत्येक वेळी गॅस चार ठिकाणी पसरून, पातळ होऊन झिरपायचा. एकाच खड्ड्यात, एकाच वारी, तोही कमरेएवढा भरायला कुठलीच भेग तयार नव्हती. आणि खोलातून हळूहळू झिरपणारी हवा गार कशी? हैदराबादची जमीन खाली गेलं तरी कोमटच. गॅस फ्रिजसारखा गारठतो तो दाबाखालून एकदम सुटला तर. म्हणजे सिलिंडरमधून.

मग तिला तो घाम आठवला, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसला, आणि तिनं कपाळावर हात मारला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला शिकवलं होतं, आणि आता ती नव्या मुलांना शिकवत होती, की गळती शोधताना आधी खडकावर संशय घेऊ नका. आधी माणसानं पाडलेली जुनी भोकं तपासा. सोडून दिलेल्या बोअर, गंजलेले पाइप. तेवढंच ती विसरली होती.

जिन्यात नामदेवराव भेटले. बावडीवर पूर्वी मोटार होती का, असं तिनं विचारलं.

“हौ बेटा. मागच्या खोलीत बसवली होती. पाणी आटलं, मोटार विकली. पाइप तेवढा भिंतीला तसाच राहिला असेल.” बोलता बोलता ते थांबले. शिरेला पाइप म्हटल्याचं त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं असावं.

गुरुवारी आभाळ भरून आलं होतं, वाऱ्याची झुळूकही नव्हती. शीर घामानं डबडबली होती. दिवे मिटले, कोंबडा पडला, उठला. महाराज आरती करून वर आले आणि त्यांनी ईशासाठी हात पुढे केला. ईशानं आईकडे पाहिलं. उषानं तिचं बोट सोडलं.

तेव्हा निशिगंधा दोरी बांधलेली बादली घेऊन पुढे झाली. माइकवर कौतुक करून ठेवलेल्या बाईला अडवायचं कसं, हे महाराजांना चटकन सुचेना.

“या, या. साइन्स आपलंच आहे,” ते म्हणाले.

तिनं बादली तळाशी सोडली, जरा थांबली, आणि बेतानं वर ओढली. लोकांना ती रिकामीच दिसत होती. चौथऱ्यावर समयीसमोर पणत्यांची रांग होती. निशिगंधानं पाणी ओतावं तशी ती रिकामी बादली रांगेवर कलती केली. पहिली पणती मिटली. दुसरी. तिसरी. शेवटची.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

“आई बादलीतून वाहून नेता येते का?” तिनं विचारलं. “हाच गॅस सोडावॉटरच्या बाटलीत असतो. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलंत तर घरच्या पातेल्यातही होतो.”

“आई तुमच्यावर प्रसन्न झाली, बाई,” महाराज हसले, पण नजर मागच्या खोलीकडे जाऊन आली. “म्हणून बादलीत आली.”

“मग एक करा. आरती उभ्यानं करता, आज बसून करा. ईशाला बसवणार होतात तिथं, मांडी घालून. तळाशी दिवा पुन्हा तेवेपर्यंत.”

महाराज म्हणाले, गुरूनं शिष्याची जागा घ्यायची नसते. मग म्हणाले, गुडघे दुखतात. मग उपरणं सावरत उभेच राहिले. ते बसत नाहीत हे गर्दी बघत राहिली. त्या शांततेत बावडीच्या तळातून बारीक सूऽऽ असा आवाज येत होता. तो दर गुरुवारी येत असणार. गजरात ऐकू कुणाला आला होता?

नामदेवराव काठाशी वाकले. त्यांनी शिरेवर तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. धोतराच्या सोग्यानं शेंदूर पुसला. खाली गंजलेलं लोखंड निघालं, बर्फासारखं गार.

पाइप भिंतीवरून मागच्या खोलीत शिरत होता. कुलूप चार तरुणांनी तोडलं. आत सोडावॉटरच्या कारखान्यात असतात तसे उंच सिलिंडर ओळीनं उभे. एकाची नळी पाइपाला जोडलेली, तोंडाशी पांढरा बर्फ गोठलेला. निशिगंधानं सिलिंडरची चावी फिरवली, आणि आईचा श्वास बंद झाला.

उषा जमिनीवर बसली होती, ईशाला घट्ट धरून. “ताई, मी हिला बसवत होते,” एवढंच म्हणाली.

“मीच तुला वाट दाखवली होती,” निशिगंधा म्हणाली. “मी बोलायच्या आधी बघायला हवं होतं. ऊठ. आधी डॉक्टरांना फोन लाव, थांबवलेल्या गोळ्या कशा सुरू करायच्या ते विचार.”

महाराज त्या गोंधळात निघून गेले. सध्या ते कुठं आहेत कुणालाच माहीत नाही. आटलेल्या बावड्या पुष्कळ आहेत, सिलिंडर कुठंही मिळतात, आणि रात्ररात्र जागणाऱ्या आया तर प्रत्येक गल्लीत आहेत. म्हणून हे सांगून ठेवायचं. उद्या तुमच्या समोर दिवा असाच आपोआप विझला, तर हात जोडायच्या आधी पाइप कुठं जातो ते बघा, कुलूप कुठल्या खोलीला आहे ते बघा. आणि तुमचं लेकरू जिथं बसवायला सांगतात, तिथं सांगणाऱ्याला आधी बसायला सांगा.