गारवा महाराजांचं तेल आणि जनीचा पाय

रविवारी सकाळी बाळकुमच्या समाजमंदिरासमोर चपलांचा ढीग पायऱ्या ओलांडून रस्त्यावर आला, तेव्हाच दक्षताने ओळखलं की गारवा महाराजांचं बरं चाललंय. आत महाराज एकेकाच्या हातावर हिरवं तेल चोळत होते. गार लागलं की आत पीडा आहे. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा चोळायचं. गारवा कमी लागला की पीडा निघाली. आणि तो कमी लागतच होता, झाडून सगळ्यांना.

साक्षीदारही महाराजांनी नेमके हेरलेले: कोळणी. जन्मभर बर्फात हात घालून मासळी विकणाऱ्या बायांनी गार म्हटलं, की गाव पुढे विचारत नसे.

दक्षताची सासू जनी पहिल्या ओळीत. महाराजांनी तिच्या उजव्या तळपायाला तेल चोळलं, तेव्हा पहिल्या वेळीही गार लागलं नव्हतं. महाराजांनी तो पाय सिद्ध असल्याचं जाहीर केलं आणि सिद्ध पायाला बाधतात म्हणून तिच्या शुगरच्या गोळ्या थांबवल्या. त्याला बारा दिवस झाले. शेजारणी जनीच्या पाया पडत होत्या आणि जनी पडू देत होती.

दक्षता कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत कामाला. तिने उजवा हात पुढे केला. गार लागलं, तिने कबूल केलं. अर्ध्या तासाने त्याच जागी जेमतेम लागलं, तेही कबूल केलं. महाराज गर्दीकडे वळून हसले.

"आता डाव्या हाताला लावा," ती म्हणाली.

गरज नाही, असं महाराज पुटपुटले. मागून कोळणींतल्या शीलामावशीने विचारलं, "का हो महाराज, तेल संपलं काय?"

तेल लागलं. डावा हात बर्फासारखा गार.

"म्हणजे उजवीकडची पीडा डावीकडे येऊन बसली? की मी येतानाच दोन घेऊन आलेले?"

लोक हसले. दक्षताने पर्समधून थर्मामीटर काढून दोन्ही हातांना आळीपाळीने टेकवला आणि वाचायला शीलामावशीकडे दिला. आकडा दोन्हीकडे जवळपास तोच; म्हणजे डावा हात खरोखर गार झालाच नव्हता.

मग तिने सांगितलं. तेलात पुदिन्याचा अर्क आहे. आपल्या नसांच्या पेशींवर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, त्यात बारीक दारं असतात. एक दार थंडीने उघडतं. हा अर्क ते थंडीशिवायच उघडतो. आवरणातलाच एक स्निग्ध रेणू ते दार उघडं धरतो. दारातून कॅल्शियम आत शिरलं की तो रेणू तुटायला लागतो आणि दार मिटत जातं. नवा रेणू तयार होईपर्यंत तिथे गारवा कमीच लागणार, पीडा असो वा नसो.

"मग माजे पायाला पयल्यांदाच का नाय लागला?" जनीने विचारलं. आवाजातला तोरा उतरला होता.

"आये, शुगरने तुझ्या पायाच्या नसाच मेल्यात. दार उघडायला नस जिवंत लागते."

दक्षता खाली बसली आणि तिने सासूचा पाय उलटा केला. करंगळीच्या मुळाशी माशाचा काटा रुतलेला, भोवती काळपट, ओली जखम. जनी त्याच पायावर चालत आली होती.

महाराज पिशवी आवरू लागले. जनीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती जखमेकडे बघून म्हणाली, "रिक्षा बोलव गो."

पाय वाचला, एक बोट गेलं.

अंगाला काय वाटतं, ते खोटं नसतं. पण त्याचं कारण दुसऱ्याने सांगितलं, की दुसऱ्या हातावर करून बघा. आणि कुणी चालू औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरकडे जा.